मुलांना काय काय दाखवायचं

जळोची,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय लियाकत,

तुझं कराचीचं पत्र पोचलं. आठ वर्षांत तुझं मराठी अक्षर बिघडलं, पण मजकुरातला हट्ट तोच आहे. परवाना मिळाला, पौषात सायराबानूला आणि मुलांना घेऊन येतोस, हे वाचून दाखवल्यावर आमच्या मंडळीनं, द्वारकाबाईनं, हातातलं काम टाकून देवापुढं साखर ठेवली. तू लिहितोस की उतरल्यावर आधी आईच्या कबरीवर फातिहा पढायचा, मग मुलांना मुलूख दाखवायचा, आणि काय काय दाखवायचं ते मी ठरवायचं. ठरवायला रोज बसतो आणि रोज उठतो.

असं करू. दौंडहून छोट्या गाडीनंच या. चढ आला की ती दमते, लोक उतरून चालतात आणि पुन्हा चढतात, ते मुलांना बघू दे. स्टेशनावरून सिद्धेश्वराला जाऊ. तू पूर्वीसारखा नंदीपाशी थांब, मी आत जाऊन येतो. शाळा सुटली की आपण त्या नंदीवर बसायचो आणि नदीत धुणं धूत असलेली तुझी आई, आमची शहाजादीमावशी, खालून ओरडायची, "गेण्या, उतरव माझ्या पोराला. पडला तर तुझा देव न्हाय, मी हाणीन तुला." नंदी तोच आहे. पाठ मात्र गुळगुळीत झाली आहे, आपल्यामागून किती पोरं बसली असतील.

मग गुळाची पेठ. कालव्याचा पूल, जिथं तू मला केसाला धरून बाहेर काढलंस. दुसऱ्या दिवशी भवानीनगरला जाऊ, तिथं आता साखर कारखाना झालाय. उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि बैल उभ्याउभ्या झोपतात. शेजारचा तात्याबा म्हणतो, चिमणी पार जेजुरीवरनं दिसती; त्यातलं निम्मं सोडून दे. तिथून इंदापूरला. मालोजीराजांची गढी, आणि चांदशावलीचा दर्गा. उरुसाला मी जातो, तुझ्या नावानं फुलं वाहतो. दुवा मागताना हात कसे धरायचे ते मला अजून नीट जमत नाही.

दोन दिवसांची फिरती लिहून झाली, आणि कबरस्तानाचं नाव मी घेतलं नाही. तुझ्या ध्यानात आलंच असेल.

तुम्ही भाऊ निघालात तेव्हा मावशीनं येणार नाही म्हणून सांगितलं होतं. "समुद्र घेऊन काय करू, मला माझी नदी हाय." ती गेल्यावर खांदा द्यायला मी होतो. तुझे अमीरचाचा आणि आम्ही तिला नदीकडच्या कडेला मूठमाती दिली. जागा तिनंच सांगून ठेवली होती, तिथून धुण्याचा दगड दिसतो म्हणून. चाचांनी तुमच्या रीतीनं कबरीवर सब्जा लावला. उन्हाळ्यात तो वाळायचा. मग द्वारकाबाई मंजिऱ्या चोळून बी घरी डब्यात पेरायची आणि पावसाच्या दिवसांत मी रोप तिकडं नेऊन लावायचो. पहिल्या वर्षी तिनं त्याला तुळस समजून डब्यापुढं दिवा लावला. मी म्हटलं, अगं, हे कबरीवरचं रोप आहे. तर म्हणाली, "असू द्या की. तीबी सासूच हाय माझी." तेव्हापासून दोन दिवे लागतात.

यंदा श्रावणात कऱ्हेला पूर आला. पाणी ओसरल्यावर मी रोप घेऊन गेलो, तर काठच नव्हता. कबरस्तानातल्या चिंचेच्या पुढं सरळ कडा तुटलेला आणि खाली वाळू. नदीकडची कबरींची सगळी ओळ गेली होती. अमीरचाचा आणि मी वाळूतून खूप लांबवर फिरलो. हाती काही लागलं नाही. मुलांचा हात धरून त्या कड्यावर उभा राहशील आणि तेव्हा तुला कळेल, असं होऊ नये म्हणून हे पत्र लिहिलं. येणं मात्र रद्द करू नकोस. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला. आमचं माणूस शेवटी नदीतच जातं. तुमच्यात हे कसं बघतात, मला ठाऊक नाही. चाचांना विचारलं. ते म्हणाले, "जमीन त्याची, तर पाणी कुणाचं?" तेव्हा आधी सोनगावला जाऊ. तू संगमावर फातिहा पढ, मी मागं उभा राहीन. त्या दिवशीचं रोप मी तसंच परत आणलं. तुळशीशेजारी डब्यात आहे, जगलंय. कुठं लावायचं ते तू आल्यावर सांग.

स्टेशनावर उभा असेन.

तुझाच,
गेणू