सात मरळी, चार बोटं

४ ऑगस्ट
मच्छीमार संस्थेनं आज गावतलावात पाच हजार बोटुकली सोडली. रोहू-कतलाची पिल्लं, चार-चार बोटं लांब. सांभाळायचं मी. सचिव सुरेंद्र सगळ्यांसमोर बोलला, "डोमाभाऊ, होळीच्या आधी जाळं ओढू तवा घरटी एक मासा आला पायजे. नाई तं तलाव बाहेरच्या ठेकेदाराले." बेचाळीस घरं. म्हटलं, एक काय, दोन देतो.

५ ऑगस्ट
नातीचं सायन्सचं पुस्तक वाचलं. दहा घास खाल्ले तर एकच अंगी लागतो. आणि जीव जितका बारीक, तितकी अंगामानानं भूक जास्त. चिमणी दिवसभर टिपते, वाघ एकदा खाऊन चार दिवस लोळतो. म्हणजे बोटुकलीच्या वाट्याचं पाण्यातलं हिरवं फस्त करणारी चोर ती दोन बोटांची बारीक मासोळी! तिच्यावर मासेखाऊ मरळ सोडावी. मोठा जीव, कमी भूक. हे आजवर कोणाला सुचलं नाही.

८ ऑगस्ट, पहाटे ५
नाल्यातल्या सात मरळी गुपचूप सोडल्या. फक्त बायकोला, ताराबाईला सांगितलं. "बोटुकलीले नाई खाईन काऊन?" म्हणे. समजावलं, मरळीचा घास दोन बोटांचा, बोटुकली चार बोटांची. "तोंड मोजलं काय तिचं?" म्हणे. सायन्स तिचं कच्चं.

२ ऑक्टोबर
बुधरीबाई काठावर हातजाळ्यानं मासोळी धरते, तेच तिच्या घरचं कालवण. म्हणाली, "भाऊ, बारीक मासोळी दिसूनच नाई राह्यली." प्लॅन सक्सेस! तिला पायलीभर डाळ नेऊन दिली. बिचारी.

१९ नोव्हेंबर
बगळेही तलाव सोडून गेले. एक शत्रू कमी.

११ डिसेंबर
कोणी नसताना जाळं फेकून पाहिलं. एकही बोटुकली नाही. हुशार झालीत, खोल बसतात. उद्यापासून चिंता बंद.

१२ डिसेंबर
चिंता केली.

२० फेब्रुवारी
ठेकेदाराचा माणूस जीप घेऊन आला. मुलगी पाहायला आल्यासारखा तलाव पाहत होता. सुरेंद्र हळूच म्हणाला, "भाऊ, एकबी मासा उसळी काऊन नाई मारून राह्यला?" म्हटलं, जड झालेत. मरळींचं सांगणार होतो. घसा बसला. उद्या नक्की.

२१ फेब्रुवारी
घसा तसाच.

९ मार्च
जाळं ओढलं. सगळं गाव काठावर, पोराबाळांच्या हातात गंज-पातेली. पहिल्यांदा शेवाळ. दुसऱ्यांदा शेवाळ. तिसऱ्यांदा सात मरळी. डोकी मोठी, अंग वाळलेलं. सगळं खाऊन शेवटी उपाशी राहिल्या होत्या.

सगळ्यांसमोर कबूल केलं. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सुरेंद्र एवढंच म्हणाला, "तवाच सांगतलं असतं भाऊ, तं काढल्या असत्या." मग खाली मान घालून ठेकेदाराच्या कागदावर सही केली.

एका मरळीचे सहा तुकडे, बेचाळीस घरं. बुधरीबाईनंच वाटे लावले. आमच्या वाट्याला डोकं आलं. चुलीवर टाकण्याआधी ताराबाईनं ते माझ्यापुढे धरलं.

मरळीच्या तोंडात बोटं घालून पाहिली. चारही गेली. आरामात.