तुझ्या मनातले तीन शब्द

ठमे,

डबा ओट्यावर आहे, खाऊन घे. मी दवाखान्यात रजा सांगायला चाललेय. काल एका आजींची स्मरणशक्ती तपासताना मी एकच प्रश्न नकळत तीनदा विचारला. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात थोपटला. बाबांना इतक्यात काही बोलू नकोस.

माझी नेहमीची चाचणी मला तोंडपाठ आहे, ती माझ्यावर काय चालणार, कपाळ? संध्याकाळी तुझ्या मनातले कुठलेही तीन शब्द मला सांग आणि पाच मिनिटांनी परत विचार.

पेशंटच्या मुली मागे उभ्या राहून आईला ओठ हलवून उत्तरं पुरवतात. मी त्यांना ओरडून बाहेर बसवते.

मी अडले, तर तू ओठ हलवू नकोस.

आई