कोठीच्या खोलीची ऊब

ज्येष्ठ साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून अर्धाच वाकून, उरलेला भेटीत पुरा करीन). आपला गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे फरशी सोडून सर्व.

घर तापवणाऱ्या पाइपांचं गणित मी कुठल्याही कॉलेजात न जाता, इमारती आखायच्या प्रोग्रॅमवर स्वतः शिकलो, हे आपण जाणताच. (आपण तेव्हा हसला होतात. मी ते विसरलो आहे.) अख्खं घर मी त्यात उभं केलं, भिंतींची जाडीसुद्धा स्वतः मोजून. खोली कशाची ते लिहायचं, की तिला किती ऊब हवी हे प्रोग्रॅम ठरवतो आणि त्यावरून पाणी तापवणाऱ्या बॉयलरपासून खोली तापवणाऱ्या रेडिएटरपर्यंतच्या पाइपांचा व्यास काढतो. शेवटच्या खोलीपुढे मी ‘कोठी’ लिहिलं, कारण तेव्हा तिथे बटाटे राहत. बटाट्यांना बारा अंश पुरतात.

पुढे त्या खोलीत सासूबाई राहायला आल्या. आठवड्यासाठी. (कोणत्या आठवड्यासाठी, हे विचारायचं राहून गेलं.) थंडी वाढली तशा त्या शालीवर शाल घेऊन जेवायला येऊ लागल्या. तक्रार एका शब्दाची नाही, नुसती आमटीची वाटी दोन्ही हातांत धरून शेकत बसायच्या. शेवटी आमची ही म्हणाली, “घरभर ऊब, आणि माझ्याच आईची खोली बरी गार!” मी प्रोग्रॅम उघडला, आणि ही नेमकी मागे उभी. तिच्या आईच्या खोलीवर ठळक अक्षरांत ‘कोठी’, खाली ‘राहणारी माणसं: शून्य’. तेव्हापासून ही माझ्याशी ‘मीठ’ आणि ‘सरका’ इतकंच बोलते.

मी तत्काळ ‘कोठी’ खोडून ‘शयनगृह’ केलं. पण शेवटच्या खोलीला ऊब वाढवून दिली, की तिच्याकडे जाणारं पाणी वाढतं, आणि वाटेतला पाइपन् पाइप जाड लागतो, थेट बॉयलरपर्यंत. बदलायच्या पाइपांची लाल रेघ निघाली ती बैठकीतून, आमच्या पलंगाखालून! मी छिन्नी-हातोडा उचलला. (कंबर इथे धरली.) बैठक आणि आमची खोली उखडून झाली आहे (जुना पाइप अजून चालू आहे), दोन्हीकडचे रेडिएटर भिंतीला टेकून उभे आहेत. अचूक कामाला थोडी धूळ सोसावीच लागते.

आपला,
धाकटा साडू

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी, की काम होईतो सासूबाईंना आपण न्यावं. आपल्याकडे ऊन किती छान येतं!

ता. क. २. वरची विनंती रद्द. रेडिएटर टकटक करतो म्हणून सासूबाईंनी, आल्या त्याच दिवशी, त्याची मूठ फिरवून तो बंद केला होता. आज हातोडा ऐकून त्यांना ती टकटक बरी वाटली आणि त्यांनी मूठ उघडली. खोली मस्त तापली आहे. गणिताप्रमाणे हे शक्यच नाही, असं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मला एक शाल दिली.

ता. क. ३. ही आईच्या खोलीत राहायला गेली. तिथे तिसरं माणूस मावत नाही (हे मात्र मीच मोजलेलं आहे). तेव्हा उद्या मीच येतो. आपली कोठी चालेल. बटाटे हलवू नयेत. बारा अंशांत आम्ही निभावून नेऊ.