गेटवरची नोटीस

२२ सप्टें., सोम.
भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात बाबांनी मोबाइल पुढे धरला. साजगावला त्यांच्या कंपनीच्या गेटवर इंग्रजी नोटीस लागलीय, तिचा फोटो. दिवाळीपासून कंपनी 'क्लोज डाउन' करणार. "म्हंजे शटडाउनच ना गं, दरवर्षीचा?" दर दिवाळीला मशिनी उघडून साफ करतात, पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू. हाताला पीठ, लांबूनच वाचलं. "हो, तसंच." बाबा खूश. लगेच शेजारच्या नामदेवकाकांना हाक. दोघं एकाच मशीनवर आहेत.

२४, बुध.
कर्जतला कॉलेजात, बाबांनी माझ्या मोबाइलवर पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. परत कधी सुरू होणार ते कुठेच नाही. दरवर्षी ती तारीख असते. परवा दिसलं नाही, की बघायचं नव्हतं?
लायब्ररीत डिक्शनरी काढली. क्लोज डाउन : धंदा कायमचा बंद करणे. तीनदा वाचलं.
मला अक्षरं बाबांनी शिकवली, शाळेच्याही आधी. कंपनीतल्या रिकाम्या खोक्यांवर बोट ठेवून. आणि मी त्यांना...

२५, गुरु.
सकाळी नळावर नामदेवकाकांच्या घरच्या काकी. "रसायनीच्या कंपनीनं बोलावलंय ह्यांना. बुधवारपर्यंत कळवायचंय. पन आता नाय जायचं म्हंतात. तू वाचलंस म्हनून जीव थंड झाला गं पोरी."
हंडा भरून वाहत होता.

२७, शनि.
बाबांना सांगितलं. डिक्शनरीतली ओळ लिहून आणली होती, ती दाखवली. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "नवमीची पूजा होऊ दे. तोवर कुनाला बोलू नको."
"पण काका..."
"पूजेला तोंडं पाडून उभी राहतील गं सगळी."
'शेवटची पूजा' असं म्हणाले नाहीत.
चूक माझी, गप्प राहायचं तेही मीच. नवमी बुधवारीच आहे.

३०, मंगळ.
दोनदा काकांच्या दारात गेले. दुसऱ्यांदा विरजण मागून परत आले. घरात विरजण होतं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
आज घरच्यांना कंपनीत सोडतात. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू. काका फडक्याने एकेक कोपरा पुसत होते. "बघ गं मास्तरीनबाई, दिवाळीला पंधरा दिवस झोपंल बिचारी."
बाबा नारळ घेऊन समोर. माझ्याकडेच बघत होते.
म्हटलं, "काका, मी चुकीचं सांगितलं. ही परत नाही सुरू व्हायची. रसायनीला हो म्हणा. आजच."
काका बाबांकडे वळले. "तुला माहीत होतं रं?"
बाबांनी मान खाली घातली.
काका बाहेर जाऊन फोन लावून आले. सगळीकडे पूजा, तिकडे कोणी उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा. मग फोन खिशात टाकला, फडकं उचललं आणि मशीनची राहिलेली बाजू पुसायला लागले.
बाबा अजून नारळ हातात घेऊन उभेच.