चुण्यांतले खवले

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि मी लिहितेय ही भाषाही तुझी नाही. तू हिला हापिसातली भाषा म्हणायचीस, आणि कोणी गिऱ्हाईक ती बोलायला लागलं की मान खाली घालून मासळीवर पाणी मारत बसायचीस. तरी हिच्यातच लिहितेय, कारण मालवणीत सुरुवात केली की मी तुझ्याशी भांडायला लागते. तू गेल्यावरही कितीदा भांडलेय, चुलीपाशी, विहिरीवर, बाजारात पाटी उतरवताना. आज मला भांडायचं नाही. म्हणजे थोडं भांडायचं आहे, पण एकेक गोष्ट क्रमाने घेऊन.

सुरुवात त्या बाईंपासून करायला हवी. अठ्ठ्याण्णव साल, मी दहावीला होते आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्या शेजारी बसून पिशव्या धरायचे. शाळेत नव्या आलेल्या बाई बांगडे घ्यायला आल्या. अंगात फिकट बदामी रंगाचा कुर्ता, गळ्याशी आणि मनगटापाशी दोन बोटांची झालर. चकचक नाही, जरतार नाही, फुलं नाहीत. त्यांनी बाह्या जरा वर सारल्या, बांगडा उचलून त्याचे कल्ले पाहिले, आणि झालर परत मनगटावर आली. एवढंच झालं. तू त्यांना सहा बांगडे दिलेस नि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलीस. मी मात्र तिथेच राहिले. त्याआधी मला झालर माहीत होती ती लहान पोरींच्या फ्रॉकांना असते ती, फुगलेली, लग्नात मिरवायची. ही तशी नव्हती. बाईमाणसाने स्वतःसाठी लावलेली होती आणि कोणाला दाखवत नव्हती. मला तसलं हवं होतं, आणि मला काही हवं असलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे.

गणपतीच्या चवथीला तू मला निळसर कापड आणलंस. काकीकडे मशीन होतं. काकी म्हणजे आपली शेजारीण, घरालाही आणि बाजारातही, तुझ्या पाटीला तिची पाटी लागून. तिने मला टीप मारायला शिकवलं होतं. लांब पट्टी कापायची, तिच्या एका कडेने धावदोरा घालायचा, दोरा ओढायचा, की कापड चुण्यांनी गोळा होतं. मग त्या चुण्या सारख्या करत बाहीला जोडायच्या. आठ दिवस मी त्यात होते. काकी म्हणाली, "येवढ्या कपड्यात दुसरो कुर्तो झालो असतो गो." मी ऐकलं नाही. कुर्ता झाला तेव्हा आपल्या वीतभर आरशात मी तो तुकड्यातुकड्याने पाहिला, आधी गळा, मग एक हात, मग दुसरा.

आणि तोच घालून मी तुझा जेवणाचा डबा घेऊन बाजारात आले. त्या दिवशी किनाऱ्यावर ओढायच्या रापणीच्या जाळ्याला तारली भरभरून लागली होती, बाबाही तिथेच होते, बाजारात नुसती तारलीच तारली. तू मला पाहिलंस. गिऱ्हाइकांची रांग होती म्हणून म्हणालीस, हात लाव. मी हात लावला. तारलीचे खवले कसे असतात ते तुला मी काय सांगू. अर्ध्या तासात माझ्या दोन्ही झालरींच्या चुणीचुणीत खवले जाऊन बसले होते, ओले, चमकणारे, आणि झटकले तरी निघत नव्हते. मी एकेक नखाने काढायला लागले. समोर गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं.

तू माझा हात धरलास. सगळ्यांसमोर म्हणालीस, "चेडवा, झालर पडद्याक लावतत. पाटीकडे बसणाऱ्या बाईक नाय." आणि कोयत्याचं टोक टिपेत घालून उजव्या बाहीची झालर फाडून काढलीस. सर्रकन. ती तारलीच्या पाण्यात पडली. गिऱ्हाईक हसलं, काकी पण जरा हसली. मग तू हळू आवाजात म्हणालीस, ते फक्त मला ऐकू आलं, "झालर व्हयी तर शिकान हापिसात बस. हयसर येव नको. दोनी गोष्टी गावाच्यो नायत."

मी रडले नाही, हे तू नंतर बाबांना सांगितलंस आणि त्यात तुला जरा अभिमान होता, असं बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तोच कुर्ता धुऊन, ओलाच, घालून बाजारात आले. डाव्या हाताला झालर, उजव्या हाताला उसवलेले दोरे. तू वर पाहिलंस, खाली पाहिलंस, आणि म्हणालीस, "पाणी आण." मी पाणी आणलं. काकी तुझ्याकडे बघत म्हणाली, "आवशीवर गेला हा चेडू," आणि तू ते पाणी मासळीवर मारलंस. तो कुर्ता विरेपर्यंत मी तसाच घातला. दुसरी झालर मला सहज शिवता आली असती, कापड उरलं होतं. मी शिवली नाही. तुला रोज दिसावं म्हणून.

तुझं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर राग जास्त होता. चुण्यांत खवले बसतात. एकदा बसले की कुजतात आणि दोन धुण्यांनीही वास जात नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, ही मासा कापेल की कपडे सांभाळेल. पण तू जे दुसरं म्हणालीस, की दोन्ही गोष्टी मिळायच्या नाहीत, ते मला पटलं नाही. ते आजही पटत नाही. मासळी विकणारी बाई ही बाई नव्हे असं कोणी ठरवलं, तू की बाजाराने? तू स्वतः न्हाऊन आलीस की केसांत सुरंगीचा वळेसर माळायचीस, पण बाजारात जाताना काढून ठेवायचीस. मी लहानपणापासून तो दाराच्या खिळ्याला लटकलेला पाहिलाय.

बारावी झाल्यावर तुझ्या मनासारखं केलं. एका फोनच्या बूथवर बसले, मागे झेरॉक्सचं मशीन, समोर काच. दीड वर्ष. तिथे मी झालरी लावल्या, मनगटाला, गळ्याला, पोटभर. कोणी हसलं नाही, कोणी पाहिलंही नाही. लोक यायचे, काचेतून नंबर सांगायचे आणि जायचे. तुझ्या पाटीपाशी येणारं माणूस आधी घरचं विचारायचं, मग मासळीचं. मला ते हवं होतं. मला मासळी ओळखता यायची, हातात धरल्यावर कालची की आजची ते कळायचं, आणि ते मी काचेमागे बसून वाया घालवत होते. तुझे पाय सुजायला लागले, दोन पावलांत धाप लागायला लागली, तेव्हा मी बूथ सोडला. तू कॉटवरून ओरडलीस, "माज्या पाटीर बसाक मी तुका शिकवलंय काय?" मी म्हटलं, हो, तूच शिकवलंस. तुला वाटलं, मी तुझ्यासाठी सोडला. मी माझ्यासाठी सोडला, आये. तुला ते सांगायला हवं होतं, म्हणजे तुझ्या जिवाला एवढं लागलं नसतं.

पहिलं वर्ष साडी आणि साधा ब्लाऊज. मी हरले, असं तू म्हणाली नाहीस, पण बघायचीस. आणि बसल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली, जी तू कधी बोलली नव्हतीस. गिऱ्हाईक उभं असतं आणि आपण खाली. पाटीत वाकलं की पदर सावरायला हात मोकळा नसतो, दोन्ही हात मासळीचे. तू पदराचं टोक दातात धरायचीस, मला ती तुझी सवय वाटायची. गळ्याशी दोन बोटं कापड जास्त असतं तर दात मोकळे राहिले असते, हे मी तिथे बसल्यावर रोज घोकायला लागले. आता मला झालर नुसती आवडत नव्हती, ती मला लागत होती.

उपाय सापडला तो चुकीने. पाटीवर झाकायचं गोल फडकं होतं ना आपलं, ते मधोमध विरलं होतं. ठिगळ लावायला मी विरलेला भाग गोल कापून काढला, आणि घाईत कात्री बाहेरच्या कडेपर्यंत गेली. फडक्याची उरलेली गोल कडी एका जागी तुटली. मी वैतागून ती आतल्या कडेने धरून उचलली आणि ताणली, तर आतली कड सरळ झाली आणि बाहेरची कड आपोआप लाटा घेत खाली पडली. एकही चुणी नाही. धावदोरा नाही, ओढणं नाही. वरून सरळ टीप मारली की झाली झालर, आणि खवल्याला बसायला जागाच नाही. मी मोठ्याने हसले. तू कॉटवरून विचारलंस, "काय झाला गो?" मी म्हटलं, फडकं फाटलं.

बूथच्या पैशांतून घेतलेल्या माझ्या मशीनवर ब्लाऊज शिवला, फिकट राखाडी. गळ्याला दोन बोटं झालर, बाही कोपरापर्यंत आणि तिला एक बोट. मनगटाला नाही. तेवढं तुझं ऐकलं. तारलीच्याच दिवशी तो घालून बसले, मुद्दाम. काकीने पाहिलं, "कोणाच्या लग्नाक चल्लंस गो?" दोन दिवसांत बाजाराने माझं नाव झालरवाली ठेवलं. मी हाकेला ओ दिली. दुपारी पाटी रिकामी झाली की बादलीत कोपर बुडवायचं, झटकायचं, खवले पाण्यात. काकीने ते चार दिवस डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि पाचव्या दिवशी कापड घेऊन घरी आली. पुढे आणखी दोघी आल्या. ही मिरवायची गोष्ट म्हणून सांगत नाही. सांगतेय एवढ्यासाठी, की दोन्ही गोष्टी मिळाल्या.

तुला मी काही सांगितलं नव्हतं, पण काकीने सांगितलंच असणार. त्या दिवसापासून मी घरी आले की तू जवळ बोलवायचीस. बाही धरायचीस आणि टिपेच्या आतून नख फिरवायचीस, इकडून तिकडे. मग दुसरी बाही. मग गळा. तपासणीसारखं. मी उभी राहायचे, ओठ आवळून. महिनाभर हे चाललं. आणि मग एक दिवस, काकी दारात बसली होती, तू नख फिरवलंस, हात मागे घेतलास, आणि म्हणालीस, "खवलो गावलो नाय."

मी सहा वर्षं त्या वाक्याची वाट पाहत होते. ते कसं घ्यायचं ते मला कळेना. तेवढ्यात तू उशीवर मान टेकलीस आणि म्हणालीस, "माका पण एक झंपर शिव गो, तसलो."

आणि मी म्हटलं, "झालर पडद्याक लावतत, आये."

काकी खो खो हसली. तू पण हसलीस, हसताना खोकला आला, मी पाठ चोळली. तू पदर ओढून घेतलास आणि भिंतीकडे वळून झोपलीस. तुला नव्या झंपराचं माप लागणार नव्हतं, जुना खुंटीवर होता. राखाडी कापड ट्रंकेत होतं. एका दुपारचं काम. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तू नव्हतीस.

तेरावं झाल्यावर शिवला. तुझ्या जुन्या झंपरावरून माप घेतलं. गळा तुझा, खांदा तुझा. आता तारलीच्या दिवशी मी तो घालते. बगलेत सैल होतो, काकी म्हणते आत घे. मी आत घेत नाही, माप तुझं आहे. हा कागद मशीनच्या खणात ठेवणार आहे, बॉबिनींच्या खाली, कारण पाठवायचा कुठे.

एक राहिलं. काकी ती गोष्ट अजून बाजारात सांगते, चेडवान आवशीक कसा उत्तर दिला म्हणून, आणि सगळे हसतात. मीही हसते. पण ती गंमत नव्हती, आये. ते वाक्य मी त्या तारलीच्या दिवसापासून जपून ठेवलं होतं, तुला परत द्यायला. तू हसलीस ती गंमत समजूनच हसली असशील, असं मी धरून चालते.