कोलूतलं वऱ्हाड

अम्मा, आज ऑफिसात भांडून आले. कशावरून ते सांगितलं तर तू कपाळाला हात लावशील. पन्नाशीला टेकलेली बाई आणि भांडते कशावरून, तर खेळावरून. काँप्युटरवरचा खेळ. त्यात एक मोठा मुलूख असतो, नद्या, रानं, गावं, बाजार, आणि खेळणारा त्यात एक माणूस होऊन हिंडतो. या सगळ्यातून एक मुख्य कथा जाते. आता वाद असा, की खेळणाऱ्यानं त्या कथेच्या मागे गेलंच पाहिजे का? आमच्यातले अर्धे म्हणतात, गेलंच पाहिजे, नाहीतर एवढी कथा रचली कशाला. ती पुढे सरकल्याशिवाय पुढच्या गावाची वेस उघडायचीच नाही. उरलेले म्हणतात, त्याला वाटलं तर त्यानं जन्मभर नदीकाठी मासे धरावेत, तुमच्या बापाचं काय जातं? मी या दुसऱ्या बाजूची, आणि नुसती बाजूची नव्हे, त्यांची म्होरकी. सोमवारी शेवटचा शब्द मी द्यायचा आहे, कारण कथा लिहिणारी मी. आणि सकाळपासून डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नाही, फक्त कुंभकोणमच्या आपल्या घरातला कोलू.

माझं हे मराठी वाचून तुला हसू येईल. लग्न पुण्याच्या माणसाशी झालं. तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या जपलेलं आपलं मराठी माझ्या तोंडून ऐकून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘ही पोथीतली मराठी कुठून आणलीस गं?’ तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण पंचवीस वर्षं त्या लोकांत राहून जीभ त्यांच्यासारखी वळायला लागली. तुझं बोलणं मात्र कानात तसंच आहे. ते लिहिताना वळवत नाही, जसंच्या तसं लिहिते.

ऑफिसातल्या पोरांना कोलू म्हणजे काय ते मी एकदा समजावलं होतं. नवरात्रात पायऱ्या रचायच्या, त्यांवर बाहुल्या मांडायच्या, संध्याकाळी घरोघरच्या बायका बघायला येतात, गाणी म्हणतात, हळदकुंकू, विडा आणि सुंडल, म्हणजे नारळ घातलेली चण्यांची उसळ, घेऊन जातात, असं. पण आपल्या घरच्या कोलूची खरी गंमत सांगितली नाही. ट्रंका, फळ्या आणि रॉकेलचे डबे रचून तू सात पायऱ्या करायचीस, त्यांवर आप्पांच्या नेसणीतलं धुवट वेष्टी अंथरायचीस. पायऱ्यांना तू पडी म्हणायचीस. वर कलश, त्याच्या शेजारी तुला लग्नात मिळालेलं तांबड्या लाकडाचं जोडपं, मग देव, मग संत, मग वाणी आणि वाणीण आपलं दुकान मांडून. तिथे कुणी बोट लावलेलं तुला खपत नसे. दशावतारात परशुराम वामनाच्या आधी आला तर तुला उभ्या जागी कळायचं. पण पायऱ्यांच्या खाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत कावेरीची वाळू पसरलेली असायची आणि ती माझी होती. ‘पडी माझ्या, भुई तुझी,’ असं तू म्हणायचीस. मी त्या भुईवर काय नाही केलं! मोहरी पेरून शेतं उगवली, काड्यापेटीची घरं केली, साक्कोट्टैच्या आत्याकडून आणलेल्या शिंपल्यांचा घाट बांधला. आप्पा तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत कारकून होते, ते खिशातून रंगीत धाग्यांची गुंडाळी काढून द्यायचे, त्यांची मी बाजारात कापडाची दुकानं लावायची.

भुई माझी होती, पण एक अट होती. ती अट म्हणे तुझ्या आईची. दारापाशी मातीचं वऱ्हाड उभं करायचं, पालखीत नवरी, घोड्यावर नवरा, पुढे नादस्वरम आणि तविल वाजवणारे. पहिल्या पायरीच्या पायथ्याशी मांडव, आणि मांडवात आरतीचं तबक घेऊन बसलेली एक म्हातारी बाहुली. रोज संध्याकाळी आरती झाली की वऱ्हाड एक वीत पुढे सरकवायचं. कुठल्या गल्लीतून न्यायचं, कुठे थांबवायचं, बाजारातून न्यायचं की शेतातून, ते माझं मी ठरवायचं, पण विजयादशमीला ते मांडवात पोचलंच पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या घरी हे मी पाहिलं नाही. शेजारच्या मामी हसायच्या, म्हणायच्या, तुमच्या कोलूत बाहुल्यासुद्धा पायपीट करतात.

मी आठ वर्षांची असेन. त्या वर्षी मला आरशाचा मोठा तुकडा मिळाला आणि मी भुईच्या मधोमध तलाव केला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यात कागदाची कमळं, काठावर कापसाचे बगळे. चौथ्या दिवशी वऱ्हाड काठावर आलं आणि अडलं. तू सुंडलला फोडणी घालून बाहेर आलीस, हातात पळी तशीच. मी आधीच हट्टाला पेटले होते.

‘तलाव काढायची नाहीं,’ मी म्हटलं. ‘लग्न राहूं दे. ते लोक इथेंच राहतील.’

मला वाटलं, आता पळी पाठीत बसणार. तू मात्र वाळूशी उकिडवी बसलीस. ‘तलाव कां काढूं? तलाव चांगला आहे की. वाट कशी करायची तें तूं पाहा.’

‘पण जायलाच कां पाहिजे?’

तू पळीनं मांडवाकडे दाखवलंस. ‘ती म्हातारी कधींची तबक घेऊन बसली आहे. तिचा हात दुखत नसंल? तुज कोणी जा म्हणत नाहीं गे. ती वाट पाहू लागली आहे, म्हणून जायचें.’

मी रडले, पाय आपटले, आणि मग नारळाच्या करवंटीची नाव केली. एका वेळी एक बाहुली, असं सगळं वऱ्हाड त्या आरशावरून पलीकडे नेलं. तविलवाला तर दोनदा पडला. त्या दिवशी आलेल्या बायका पायऱ्यांवरचे तुझे देव बघायचे सोडून वाळूपाशी बसून राहिल्या, आणि तू प्रत्येकीला सांगत होतीस, नाव माझ्या मुलीनें केली. तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि अजून बरं वाटतं.

मग ती वाटा काढण्याची चटकच लागली. दर वर्षी मी मुद्दाम अडचण रचायची आणि मुद्दाम ती सोडवायची. आज लोक मला विचारतात, हे काम कुठे शिकलात? मी तिरुचिच्या कॉलेजचं नाव सांगते. खोटं बोलते.

तिरुचिचंच सांगायचं आहे आता. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पुढे तिरुचिला जाऊन काँप्युटर शिकायचं माझ्या डोक्यानं घेतलं होतं, आणि तुझ्या डोक्यानं घेतलं होतं की वैकासी महिन्यात माझं लग्न. तुझंही चूक नव्हतं. तिकडे आपली मराठी घरं मोजकी. त्यात गोत्र जुळायचं, वय जुळायचं, आणि तंजावरच्या एका घरानं स्वतःहून विचारलेलं. मी तीनदा सांगून पाहिलं. आप्पा वर्तमानपत्राच्या आड गेले. तू म्हणालीस, लग्न झाल्यावर शिक, कोण नाहीं म्हणतो. नवरात्रात पाचव्या दिवशी मुलाची आई आणि चुलती कोलू पाहायला येणार होत्या. कोलू पाहायला म्हणजे मलाच पाहायला, हे सगळ्या गावाला माहीत.

त्या दुपारी तू चण्यांवर नारळ खवत होतीस तेव्हा मी ते केलं. पालखीतून नवरी काढली. भुईच्या दुसऱ्या टोकाला मी बसस्टँड केला होता, काड्यापेटीची बस, तिच्यावर तमिळमध्ये तिरुचि लिहिलेलं. नवरीला बसच्या दारात उभी केली, काखेत कागदाची इवलीशी वही दिली. वऱ्हाड तसंच ठेवलं, वाजंत्री पुढे, नवरा घोड्यावर, पालखी रिकामी. दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलीनं चिठ्ठी लिहिली असती, उपास केला असता. आपल्या घरात भांडण मांडायची जागा तीच होती.

त्या आल्या. मी ‘वरवीणा’सारखं काहीतरी गायले, सूर कुठे होता देव जाणे. मुलाची आई वाळूपाशी वाकली, तोंड भरून कौतुक केलं, मोहरीच्या रोपांवरून बोट फिरवलं आणि मग पालखीपाशी थांबली. ‘पालखी रिकामी कां? नवरी कोठें गेली?’

माझी पाचावर धारण बसली. तू हातात विड्याचं ताट घेऊन उभी होतीस. तू पालखी पाहिलीस, मग बस पाहिलीस, मग मला. एक हसून ‘पोरांचा खेळ’ म्हणून तू नवरी उचलून पालखीत ठेवू शकली असतीस, सगळं सुरळीत झालं असतं. तू ताट खाली ठेवलंस आणि म्हणालीस, ‘ती तिरुचीस शिकूं गेली आहे. दोन-तीन वर्षें लागतील. ज्यांस थांबवतें ते थांबतील.’

बाई शहाण्या होत्या. विडा घेतला, सुंडल घेतलं, गेल्या. परत निरोप आला नाही.

त्या गेल्यावर स्वयंपाकघरात तू मला जे बोललीस ते मी विसरले नाही. ‘मज लाजेनें मारलेंस. देवांसमोर आपलें भांडण मांडायचें? तोंड नव्हतें तुज?’ मी म्हटलं, तोंडानं तीनदा सांगितलं होतं. तू पातेलं खरवडत राहिलीस. मग म्हणालीस, ‘होय. मी ऐकिलें नाहीं.’ आणि पातेल्याच्या बुडाचं सुंडल माझ्या हातावर घातलंस. अम्मा, तुझ्या तोंडून ‘मी ऐकिलें नाहीं’ हे शब्द मी त्या एकदाच ऐकले. बाकी आयुष्यात कुणी माझ्यासाठी एवढं केलं नाही.

त्या संध्याकाळी आरतीनंतर तू वऱ्हाड सरकवलं नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. विजयादशमीला कोलू संपला म्हणून एक बाहुली आडवी निजवायची असते. दर वर्षी तू लाकडी जोडपं निजवायचीस. त्या वर्षी वरपर्यंत गेलेला हात खाली आणलास, मांडवातल्या म्हातारीच्या हातातलं तबक बाजूला ठेवलंस आणि तिला वाळूवर निजवलंस. ‘थकली असंल,’ एवढंच म्हणालीस. जूनमध्ये मी तिरुचिला निघाले तेव्हा ट्रंकेत तळाशी रेशमी चिंधीत गुंडाळलेली नवरी सापडली.

तिथे कॉलेजच्या काँप्युटरवर असा खेळ मी पहिल्यांदा पाहिला. राजानं बोलावलंय असं सुरुवातीलाच लिहून यायचं. मी तीन दिवस राजाकडे फिरकले नाही, नुसती रानात हिंडले. सगळ्यांना मी वेडी वाटले. राजाही मजेत होता. तीन दिवसांनी गेले तर त्याच जागी उभा, तेच वाक्य बोलला. तेव्हा मला ते फार आवडलं. आपण हवं तितकं हिंडावं आणि वाट पाहणाऱ्यानं जसंच्या तसं उभं असावं.

नोकरी लागून बंगळूरला गेले आणि तसंच वागले. एका नवरात्रात काम होतं, दुसऱ्यात आजारपण, तिसऱ्यात काहीच कारण नव्हतं. पुढच्या वर्षी येते, म्हटलं. तू कधी ये म्हणाली नाहीस. फोनवर फक्त सांगायचीस की वाळू आणविली आहे. त्या तिसऱ्या कोलूनंतर महिनाभरात तू गेलीस. आप्पांनी मग सांगितलं, तुला उभं राहवत नव्हतं म्हणून तीनच पायऱ्या लावल्या होत्या. वाळू मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली होती आणि तिच्यावर काही मांडलं नव्हतं. मामींनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, भुई तिची आहे, ती येऊन मांडील. म्हातारी तेवढी मांडवात होती, तबक घेऊन.

सोमवारी मी काय सांगणार ते आता ठरलं आहे. सगळ्या वेशी उघड्या राहतील, कुणाला कुणी कथेकडे ढकलायचं नाही. ते तू मला दिलंस, ते मी दुसऱ्याकडून काढून घेणार नाही. पण आमच्या खेळात मुख्य कथेच्या शेवटी एक म्हातारी मांडवात बसलेली आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तिला तिथे बसवलं, कुणाला न विचारता. ती राजासारखी ताजीतवानी उभी राहणार नाही. दिवस जातील तसा तिचा हात खाली येईल, आणि फार दिवस गेले तर ती निजेल. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, दोष नाही. हिंडणं त्याचं आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. आपली ट्रंक आता माझ्याकडे आहे, आणि म्हातारीच्या भोवतीचा जुना कागद फाटला आहे, तेव्हा तिला यातच गुंडाळून ठेवते. एक सांगायचं राहिलं. आज भांडण झाल्यावर दुपारी मी एकटी तो खेळ लावून बसले. एवढा मुलूख मी रचलेला, तलाव, घाट, बाजार, आणि हिंडण्याच्या हक्कासाठी घसा कोरडा होईपर्यंत भांडलेली मी. अम्मा, मी एकाही गल्लीत वळले नाही. सरळ चालत मांडवात गेले.