काळ्या घोड्याचा मग

ती. आईला धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी खाऊनपिऊन ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? ताई येऊन गेली का?

दुकानातलं काम सोपं आहे. प्राचीन ग्रीक रांजणांचे आणि मूर्तींचे फोटो छापलेले मग, बशा भेटवस्तू म्हणून विकायच्या. काळ्या घोड्याच्या रांजणाचा मग सगळ्यात जास्त खपतो. त्या फोटोत रांजणामागे तडा गेलेली हिरवी फरशी दिसते. दुकानाच्या मागच्या खोलीचं दार एकदा किलकिलं होतं, तेव्हा तशीच फरशी आत दिसली. एरवी तिथे कुलूप असतं. आपल्याला काय करायचंय म्हणा!

परवा एक म्हातारे गृहस्थ तो मग हातात घेऊन थिजलेच. म्हणाले, "हा रांजण आमच्या संग्रहालयातून चोरीला गेलाय. फोटो कुणी काढला?" मी मालकांना सगळं सांगितलं.

मालक रागावले नाहीत, उलट पाठ थोपटली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकान माझ्या नावावर केलं, पाटी बदलली, मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि परगावी गेले. त्यांचा फोन लागत नाही. खोली उघडायला माझं मन धजत नाही.

बाबांना सांग, पोरगा मालक झाला.

समोर सकाळपासून दोन माणसं उभी आहेत. गिऱ्हाइकंच असतील. पण आत येत नाहीत, नुसतं पाटीवरचं माझं नाव वाचतात.

काळजी करू नकोस.

तुझाच,
धाकटा